नागपूरचं ऊन, ऑफिसचं छत आणि विजेचं बिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की हे प्रश्न यायला लागतात आणि पहिला पाऊस पडला की बंद होतात. खरं तर छताचं काम डिसेंबर-जानेवारीत करायचं असतं, पण तेव्हा कुणालाच छत आठवत नाही. गेल्या काही उन्हाळ्यांत सीताबर्डी, धरमपेठ, सदर, वर्धा रोड अशा भागांतल्या ऑफिसवाल्यांनी जे पुन्हापुन्हा विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इन्सुलेशन केलं की ऑफिस थंड होतं का?

नाही. इन्सुलेशन थंड काहीच करत नाही, उष्णतेची वाट अडवतं. बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतात. भुसा काही गार नसतो, तो फक्त बाहेरचा ताप आत जायला वेळ लावतो. ऑफिसच्या छतावरचं इन्सुलेशन हेच काम करतं. आत एसी चालू असेल तर तो कमी वेळ चालतो. आत थंडावा करणारं काहीच नसेल, तर नुसत्या इन्सुलेशनमुळे मे महिन्यात स्वेटर काढायची वेळ येणार नाही.

एक आकडा लक्षात ठेवा, यू-मूल्य. आतल्या आणि बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता आत येते, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका लहान तितकं चांगलं. सहा इंची उघड्या स्लॅबचं यू-मूल्य ३ च्या वर जातं, नऊ इंची विटांच्या भिंतीचं साधारण २ असतं.

२. नागपुरात ऊन नेमकं कुठून मार देतं? सगळ्याच भिंती तापतात ना?

सगळ्या सारख्या तापत नाहीत, आणि पैसे कुठे घालायचे हे इथेच ठरतं.

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा (उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस) लागतो त्याच सुमारास, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस तो हाच. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो. म्हणजे सर्वांत कडक दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन जवळपास पडतच नाही. सगळा मारा छतावर होतो. दुपारी तीननंतर सूर्य कलला की पश्चिमेच्या भिंतीवर आणि काचेवर तिरपं ऊन आत घुसतं, आणि तोपर्यंत हवाही दिवसातली सर्वांत तापलेली असते.

पूर्वेचं ऊनही तिरपंच येतं, पण सकाळी हवा सुसह्य असते. दक्षिणेचं ऊन डिसेंबरात खोलवर येतं, तेव्हा ते बहुधा हवंच असतं.

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी छत, मग पश्चिमेची काच, मग पश्चिमेची भिंत, बाकीचं त्यानंतर. एसी बदलायचा विचार सर्वांत शेवटी. लोक नेमके उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, कारण एसीची जाहिरात येते, छताची येत नाही.

३. आमच्याकडे दुपारी ठीक असतं, पण साडेपाचनंतर उकडायला लागतं. एसीचा गॅस संपला असेल का?

गॅसवाल्याला बोलवायच्या आधी स्टुलावर चढा आणि सायंकाळी सहा वाजता छताला खालून तळहात लावा. हात दोन क्षणांतच मागे घ्यावासा वाटला तर दोष एसीचा नाही. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि चार-पाच तासांनी ते आत सोडतो. दुपारी एकचं ऊन तुम्हाला सहाला भेटतं. जाड विटांच्या भिंतीत हा उशीर आणखी वाढतो.

रविवारी बंद असलेलं वरच्या मजल्यावरचं ऑफिस सोमवारी सकाळी दहाला भट्टीसारखं का असतं, त्याचंही कारण हेच. टेबल, कपाटं, फायलींचे गठ्ठे सगळे तापून बसलेले असतात आणि एसीला पहिले दोन तास त्यांनाच गार करावं लागतं.

४. गच्चीला पांढरा रंग किंवा चुना मारला तर पुरेसं नाही का? इन्सुलेशनचा खर्च कशाला?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून आकडेमोड करून सांगतो.

हजार चौरस फूट छत म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. उघडा सहा इंची स्लॅब, यू-मूल्य ३.३. मळकट, काळपट गच्चीवर ऊन आणि हवा मिळून होणारा ताप ६५ अंशांइतका धरा, आत २५. फरक ४० अंशांचा. ४० गुणिले ३.३ गुणिले ९३ म्हणजे साधारण १२ किलोवॅट उष्णता. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तेव्हा जवळपास साडेतीन टन एसी फक्त छताशी झुंजण्यात जातो.

तीच गच्ची पांढरी केली तर तो ताप ५० च्या आसपास येतो. फरक २५ अंशांचा, उष्णता पावणेआठ किलोवॅटच्या जवळ, म्हणजे सव्वादोन टन. जवळपास एक-तृतीयांश ओझं एका रंगाने उतरलं.

आता रंग न लावता वर ७५ मिलिमीटर एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीची, पण घट्ट) शीट टाकली असं समजा. यू-मूल्य ०.४ च्या घरात येतं आणि उष्णता दीड किलोवॅट, म्हणजे अर्ध्या टनाच्या आत.

हिशेब ढोबळ आहे. स्लॅब उष्णता साठवत असल्यामुळे प्रत्यक्षातलं शिखर थोडं बुटकं आणि उशिरा येतं, आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर सुरुवातीचा आकडाही खाली येतो. पण प्रमाण हेच राहतं. खिसा रिकामा असेल तर आधी पांढरा रंग, कारण त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. इमारत आपली असेल आणि दहा-पंधरा वर्षं बसायचं असेल तर इन्सुलेशन, आणि त्यावरही पांढराच पृष्ठभाग.

चुन्याची एक अडचण आहे, तो पावसात धुऊन जातो आणि दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो. परावर्तक रंग टिकतो, पण त्यावर धूळ बसली की त्याचं तेज जातं. एप्रिलमध्ये एकदा गच्ची झाडून-धुऊन घ्या. जुन्या कपबशा-टाइल्सच्या तुकड्यांची पांढरी चायना मोझॅक गच्ची असेल तर ती फोडू नका, फक्त घासून घ्या.

५. ‘सिरॅमिक इन्सुलेशन पेंट’ विकायला येतात. एक लेप म्हणजे चार इंच थर्माकोल असं सांगतात. खरं का?

नाही. अर्ध्या मिलिमीटरचा थर उष्णता वाहून जाण्याला अडवून अडवणार किती? असे रंग उपयोगी पडतात ते परावर्तनामुळे, म्हणजे प्रश्न ४ मधल्या पांढऱ्या रंगासारखे. त्यामुळे विकत घेताना ‘किती इंचांच्या बरोबरीचं’ हे विचारू नका, सौर परावर्तन किती आणि उत्सर्जकता (तापलेला पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती सोडतो) किती ते विचारा. २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत शीतल छतासाठी सुरुवातीचं परावर्तन किमान ०.६ आणि उत्सर्जकता किमान ०.९ मागितली आहे. हे दोन आकडे कागदावर दाखवता येत नसतील तर विक्रेत्याला चहा पाजून निरोप द्या.

६. इन्सुलेशन स्लॅबच्या वर करायचं की खालून?

जमत असेल तर वर. वर केलं की स्लॅब स्वतःच सावलीत येतो, रोजचं तापणं-निवणं थांबतं, तडे कमी जातात आणि खालचं वॉटरप्रूफिंगही जास्त टिकतं. क्रम साधारण असा: स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएसच्या शीट, त्यावर कापड किंवा जाळी, मग उताराचा कोबा आणि वर पांढरी फरशी. शीट हलकी असते, वर वजन नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात तरंगते. कोबा सुटला आणि पाणी साचलं की ‘इन्सुलेशनमुळे गळती झाली’ अशी बदनामी होते. दोष उताराचा असतो.

गच्ची सोसायटीची असेल किंवा वर टाक्या-टॉवर असतील तर खालून करावं लागतं. तेव्हा प्रश्न १२ (आग) आधी वाचा.

जाडीचं म्हणाल तर संहितेतलं ०.३३ यू-मूल्य गाठायला एक्सपीएस साडेतीन इंच, पफ (पॉलियुरेथेनचा फेस) अडीच इंचांच्या आसपास लागतं. जुन्या इमारतीत दोन इंच केलं तरी मोठा भाग पदरात पडतो. पहिला इंच सर्वांत जास्त कमावतो, पुढचा प्रत्येक इंच त्याहून कमी.

७. आमच्याकडे पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे. तेच इन्सुलेशन झालं ना?

थोडं. मधली हवा थोडा अडथळा करते, पण फॉल्स सीलिंगच्या वर डोकावून पाहा: बहुतेक ठिकाणी लाइटची भोकं, एसीच्या पाइपांची भगदाडं आणि भिंतीपर्यंत न पोचलेल्या कडा असतात. वरची तापलेली हवा तिथून खाली येते. त्याहून वाईट म्हणजे कित्येक ऑफिसांत परतीची हवा त्याच पोकळीतून एसीकडे जाते. मग गार केलेली हवा तापलेल्या स्लॅबच्या पोटाशी घासून पुन्हा एसीत शिरते. अशा ठिकाणी इन्सुलेशन फॉल्स सीलिंगवर नव्हे, स्लॅबलाच खालून चिकटवावं लागतं.

एका ऑफिसात फॉल्स सीलिंगवर ग्लासवूलच्या गाद्या टाकल्या होत्या. वायरमनने काम करताना अर्ध्या बाजूला सारल्या, परत कुणी पसरल्याच नाहीत. दोन वर्षं ‘इन्सुलेशन करूनही काही फरक नाही’ अशी तक्रार चालू होती.

८. वर टिनाचं शेड आहे. टिन चमकतं, मग तापतं कसं?

चमकतं म्हणून ऊन परत टाकतं हे खरं, पण उघडी धातू स्वतःची उष्णता किरणांनी बाहेर टाकण्यात कंजूष असते. म्हणून ती तापून राहते, आणि स्लॅबसारखा उशीरही नाही: ढग आला की पाच मिनिटांत फरक कळतो. वरून पांढरा परावर्तक रंग दिला तर ऊनही परततं आणि उष्णताही सुटते.

खालून चंदेरी फॉइल लावणार असाल तर ती टिनाला चिकटवून काही उपयोग नाही. मध्ये इंच-दोन इंच हवा हवी आणि चकचकीत बाजू त्या हवेकडे, शक्यतो खाली तोंड करून हवी, कारण वर तोंड केलेल्या फॉइलवर धूळ बसते. नवं शेड उभारत असाल तर सरळ पफ पॅनेलच घ्या.

९. समोरून सगळी काच आहे. डबल काच लावली की झालं का?

डबल काचेने यू-मूल्य सुधारतं, साध्या काचेच्या साडेपाच-पावणेसहावरून तीनच्या खाली येतं. पण आपला शत्रू बाहेरची गरम हवा कमी आणि ऊन जास्त आहे. साधी पारदर्शक काच दुहेरी केली तरी ऊन दोन्हींतून आत येतंच. इथे पाहायचा आकडा एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातला किती भाग आत उतरतो तो. साध्या सहा मिलिमीटर काचेचा तो ०.८ च्या आसपास असतो. संहितेत आपल्या हवामान विभागासाठी उत्तर सोडून इतर बाजूंना ०.२७ ची मर्यादा आहे, आणि काच भिंतीच्या ४० टक्क्यांहून जास्त नसावी असंही आहे.

काच बदलणं महाग असेल तर बाहेरून सावली करा. पडदा आतून लावला की ऊन आधी आत येतं, मग पडदा तापतो आणि रेडिएटरसारखा खोलीतच बसतो. बाहेर लावलेली बांबूची चिक किंवा जाळी हेच काम दारातच आटपते. दक्षिणेला आडवा छज्जा चालतो. पश्चिमेला तो निरुपयोगी, तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाड हवं. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सरकारी कचेऱ्यांना बाहेरून व्हरांडे आहेत ते शोभेसाठी नाहीत.

१०. नवीन ऑफिस बांधतोय. एएसी (सिमेंटचे हलके, सच्छिद्र) ब्लॉक घेतले तर भिंतींना वेगळं इन्सुलेशन लागेल का?

आठ इंची एएसी ब्लॉकची भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा जवळपास अडीच पट चांगली अडवते. दोन-तीन मजली ऑफिसला एवढं बहुधा पुरतं. मात्र कॉलम-बीम काँक्रीटचे उघडेच राहतात आणि उष्णता तिथून वाट काढते. पश्चिमेच्या बाजूला तरी कॉलम बाहेरून झाका.

११. पावसाळ्यात एसीच्या डक्टमधून आणि छताच्या कोपऱ्यांतून थेंब पडतात. गळती की इन्सुलेशनचा दोष?

बहुतेकांना नागपूर म्हणजे उष्ण-कोरडं वाटतं. इमारत संहितेने मात्र ते ‘संमिश्र’ विभागात टाकलं आहे, कारण मे कोरडा असला तरी जुलै-ऑगस्ट दमट असतो. त्या हवेतली वाफ गार पृष्ठभागाला लागली की पाणी होते, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा घाम.

डक्टचं इन्सुलेशन फाटलं असेल किंवा सांधे उघडे असतील तर थेंब तिथेच. नायट्राइल रबरचं आवरण सलग हवं आणि सांध्यांना टेप हवी. वाफ अडवणारा थर नेहमी गरम बाजूला, म्हणजे आपल्याकडे बाहेरच्या बाजूला. थंड देशांतल्या पुस्तकांतली चित्रं पाहून तो आतून लावला की ओल भिंतीत अडकते.

खरी गळती आहे का, हे ओळखायला एसी दोन दिवस बंद ठेवा. थेंब थांबले तर घाम.

१२. थर्माकोल आणि पफ पेट घेतात म्हणे. ऑफिसात लावणं सुरक्षित आहे का?

पेट घेतात आणि काळा, विषारी धूर करतात. स्लॅबच्या वर, कोब्याखाली गाडलेले असतील तर चिंता कमी. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत, वायरिंगच्या शेजारी उघडे लावणं मात्र चूक. तिथे रॉकवूल घ्या, ते जळत नाही. जाडी थोडी जास्त लागेल, लागू द्या.

१३. एसी २४ वर ठेवा म्हणतात, आमच्याकडे १८ वर ठेवूनही गार होत नाही.

१८ लावल्याने खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त जास्त वेळ चालत राहतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे रूम एसी २४ वरच सुरू होतात.

पण तुमची तक्रार खोटी नाही. हवा २४ असली आणि डोक्यावरचं छत ३८ असेल तर शरीराला त्या छताचा ताप लागतच राहतो. तव्याखाली बसल्यासारखं. म्हणून छत दुरुस्त झालं की माणसं आपसूक २५-२६ वर येतात. सोबत पंखा लावा. एसीच्या खोलीत पंखा म्हणजे पैशाचा अपव्यय असा समज आहे, प्रत्यक्षात उलट आहे.

१४. इन्सुलेशन झाल्यावर जुनाच मोठा एसी चालवला तर बिघडलं कुठे?

मे महिन्यात कुठेच नाही. जुलैत बिघडतं. गरजेपेक्षा मोठा साधा एसी पाच मिनिटांत तापमान गाठून बंद पडतो आणि हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार पण चिकट. इन्व्हर्टर एसी हळू चालू शकतो, त्याला त्रास कमी. एसी बदलायची वेळ आली असेल तर आधी छत, मग नव्याने टनाचा हिशेब.

१५. एसीऐवजी कूलरच ठेवले तर? नागपूरची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय आहे.

आहेच, आणि मे महिन्यात त्याला तोड नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते) २३ च्या आसपास असतं. चांगल्या ताट्यांचा कूलर २७-२८ ची हवा देतो, तीही एसीच्या अगदी थोड्या विजेत. जुलैत ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम दोन-अडीच अंश उतरवतो आणि कागद ओले करतो.

कूलरसमोर खिडकी उघडी हवी, हवेला बाहेर जायला वाट हवी. म्हणून कूलर आणि एसी एकाच हॉलमध्ये एकत्र चालवू नका. छताचं इन्सुलेशन कूलरच्या ऑफिसलाही उपयोगी आहे, कारण प्रश्न १३ मधला तवा तिथेही डोक्यावर असतोच. भिंतींवर मात्र खर्च करू नका.

१६. आम्ही मधल्या मजल्यावर आहोत आणि भाड्याने आहोत. आमच्या हातात काय?

वरचं ऑफिस वापरात असेल तर तुमच्या छताला काही करायची गरज नाही. जमिनीलाही नाही. पश्चिमेच्या खिडक्या आणि फटी पाहा. एसी चालू असताना दाराच्या चौकटीभोवती पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे वाकतो तिथे फट आहे. रबरी पट्टी, सिलिकॉन आणि दाराला क्लोजर, एवढ्यात बरंच भागतं. सगळं मात्र ठार बंद करू नका, माणसांना ताजी हवा लागतेच.

१७. आमचं बिल जास्त आहे की योग्य, हे कसं कळेल?

बारा महिन्यांची युनिट्स मिळवा आणि चौरस मीटर क्षेत्रफळाने भागा. दोन हजार चौरस फूट म्हणजे १८६ चौरस मीटर. वर्षाला २४,००० युनिट्स असतील तर उत्तर १२९. ब्यूरोने २००९ मध्ये ऑफिस इमारतींसाठी आणलेल्या स्टार योजनेत, संमिश्र हवामानात निम्म्याहून जास्त भाग वातानुकूलित असलेल्या इमारतीला १४० ते ११५ ला तीन तारे आणि ९० च्या खाली पाच तारे होते. ती योजना मोठ्या इमारतींची, पण स्वतःला ताडून पाहायला आकडा बरा आहे.

इमारत संहिता १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणीपासून पुढच्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे. लहान ऑफिस त्यात येत नाही, ऊन मात्र त्यालाही तेवढंच लागतं.

१८. गच्चीवर सोलर पॅनेल लावले. आता इन्सुलेशन लागेल का?

पॅनेलखालची गच्ची सावलीत येते, हा मोठा फायदा. पण पॅनेलच्या रांगांमधल्या जागा उघड्याच राहतात आणि खालची हवा गरमच असते. उरलेल्या भागाला पांढरा रंग द्या. इन्सुलेशन करायचंच असेल तर पॅनेल बसवायच्या आधी करा. नंतर सगळी चौकट उचलायचा खर्च इन्सुलेशनच्या बरोबरीला येतो, आणि हा फोन दर वर्षी किमान एक तरी येतोच.

१९. इन्सुलेशनमुळे बिल वाढू शकतं का?

एका प्रकारात, हो. चोवीस तास चालणारी, संगणकांनी भरलेली जागा घ्या, मिहानकडच्या रात्रपाळीच्या ऑफिससारखी. डिसेंबरात रात्री बाहेर १२ अंश असतात, आत शंभर माणसं आणि शंभर मशीन उष्णता सोडत असतात. उघड्या स्लॅबमधून ती उष्णता निघून गेली असती, इन्सुलेशनने ती कोंडली. म्हणून एसी भर थंडीत चालू राहतो. उत्तर इन्सुलेशन काढणं नाही. बाहेरची गार हवा गाळून थेट आत घेणारा पंखा आणि झडप लावून घ्या, आणि ती कधी उघडायची हे ऑपरेटरला नीट दाखवून द्या. झडपा असतात, पण कायम बंद असतात, कारण मे महिन्यात कुणीतरी धुळीला कंटाळून तारेने बांधून टाकलेल्या असतात.

२०. ५६ अंशांपर्यंत गेलं होतं ना नागपूर? मग हिशेब त्या तापमानाचा का धरत नाही?

मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रावर ५६ दिसलं, पण तो सेन्सरचा बिघाड असल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. मे २०१३ मध्ये ४७.९ नोंदलं गेलं, ते खरं. एसीचा आकार विक्रमी दिवसाला धरून काढला तर वर्षातले बाकी दिवस तो प्रश्न १४ मधल्यासारखा वागतो. शिवाय विक्रमी दिवशी सावलीतली हवा कितीही असो, तुमच्या काळपट गच्चीचा ताप त्याच्याही वर असतो.